जुन्या गाडीचे ब्रेक पाइप आणि शॉकर: अंगणात पहिल्यांदा हात काळे करणाऱ्यांसाठी

भेरूघाट उतरताना पेडल खाली गेलं. पार तळाला नाही, पण रोजच्यापेक्षा चार बोटं खाली, आणि मऊ. इंदूरहून ओंकारेश्वरला निघालो होतो. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर दशम्यांचा डबा, आणि समोरून वळणावर चढत येणारा ट्रक. गिअर दुसऱ्यात टाकला, हँडब्रेक एक-एक दात ओढत गाडी कडेला घेतली. आई म्हणाली, "का रे थांबलास? चहाला का?" मी म्हटलं, हो, चहालाच.

खाली वाकून पाहिलं तर मागच्या डाव्या बाजूला अ‍ॅक्सलवरून टायरपर्यंत ओली रेघ आलेली. ब्रेक ऑइल. गाडी २००३ सालची मारुती ८००, म्हणजे वीस वर्षं उलटलेली. तरी ती थांबली, कारण ब्रेकची दोन सर्किट वेगवेगळी असतात. एक फुटलं तरी दुसरं धरतं, फक्त पेडल खोल जातं आणि थांबायला अंतर जास्त लागतं. त्यामुळे पेडल अचानक खोल गेलं तर "थोडी एअर आली असेल" म्हणून पुढे जाऊ नका. अर्धे ब्रेक गेलेत असं धरा आणि गाडी उभी करा.

आम्ही टोचन लावून गाडी परत आणली. पुढचे दोन रविवार लोकमान्य नगरातल्या घराच्या अंगणात ब्रेकचे लोखंडी पाइप, त्यांच्या पुढचे रबरी होज आणि चारही शॉकर बदलण्यात गेले. गल्लीतले एक म्हातारे उस्ताद खुर्ची टाकून समोर बसायचे. आता हातात पाना धरवत नाही त्यांना, पण माझी चूक मला कळायच्या आधी त्यांना दिसायची. नंतर मेव्हण्याच्या आणि दोन मित्रांच्या गाड्या झाल्या. खाली लिहिलंय ते या सगळ्यातून आलेलं.

आधी एक स्पष्ट बोलतो. तुम्ही आजवर चाकही बदललं नसेल तर या कामाने सुरुवात करू नका. ब्रेक शू बदला, ऑइल बदला, हात बसू द्या. आणि पहिल्या खेपेला जाणतं माणूस जवळ हवंच. इंजिनाचं काम चुकलं तर गाडी बंद पडते. ब्रेकचं चुकलं तर ती चालतच राहते.

शब्दांचंही सांगून ठेवतो. इंदुरात सगळे शॉकर म्हणतात, पुण्याचा माझा चुलतभाऊ शॉकअप म्हणतो. वस्तू एकच, शॉक अ‍ॅब्सॉर्बर.

दोन्ही कामं एकत्र का

पुढच्या शॉकरच्या नळीवर बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या रबरी होजची क्लिप असते. शॉकर काढायचा तर होज सोडवावा लागतो, आणि वीस वर्षांचा होज हलवला की त्याचे तडे उघडे पडतात. चाकं तर निघालेलीच असतात. म्हणून एकदाच करा, पण क्रम सांभाळा: आधी शॉकर, मग पाइप आणि होज, एअर काढणं, म्हणजे पाइपात शिरलेली हवा बाहेर काढणं, सगळ्यात शेवटी. मेव्हण्याने उलटं केलं होतं. नवे होज लावले, मग शॉकर काढायला घेतले, आणि लोंबत्या अ‍ॅक्सलचं सगळं वजन त्या नव्याकोऱ्या होजवर आलं. ते होज परत विकत आणले.

काय गेलंय ते ओळखणं

शॉकर स्प्रिंगसारखा वजन पेलत नाही, तो स्प्रिंगला आवरतो. आत तेल असतं, त्यातून बारीक भोकांचा पिस्टन वरखाली होतो आणि उसळी तिथे जिरते. तेल गेलं की आवरणारं कोणी राहत नाही. गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन जागेवर बसला तर ठीक, दोन-तीनदा झुलला तर शॉकर संपला. दुसरी खूण टायरवर सापडते. तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवा. थोड्या थोड्या अंतरावर खळगे लागले तर टायर रस्त्यावर टेकत-उडत चाललाय. शॉकरच्या अंगावर धूळ चिकटलेला ओलसर पट्टा असेल तर लगेच घाबरायला नको, थेंब ओघळत असतील तर बदला. बदलायचे तर जोडीने. पुढचे दोन किंवा मागचे दोन, एकटा कधीच नाही.

होज अंगठ्याने दुमडून पाहा. तडे दिसले तर गेला. कोणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि होजवर बोटं ठेवा. फुगल्याचं लागलं तरीही गेला. एक तिसरा प्रकार फसवा असतो: होज बाहेरून चांगला, पण आतलं रबर सुजून भोक बारीक झालेलं. जोराने दाबलेलं ऑइल जातं, परत मात्र येत नाही. मग ब्रेक सोडला तरी ते चाक धरून राहतं, गाडी एका बाजूला ओढते आणि चाक हात लावू नये इतकं तापतं. लोक कॅलिपर, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग, बदलतात. बदलायचा असतो होज.

लोखंडी पाइपाला मात्र वेळ द्या. माझा पाइप गळला ती जागा बोटभरही नव्हती. मागच्या अ‍ॅक्सलवर पाइप पत्र्याच्या छोट्या क्लिपने धरलेला असतो, आणि त्या क्लिपच्या पोटात पावसाळ्यातली काळी माती जाऊन बसते. आपल्या माळव्याची माती उन्हात दगड होते आणि पावसात मलम, पण क्लिपखाली तिला ऊनच लागत नाही. आजूबाजूचा पाइप काळा, गुळगुळीत, कारखान्यातल्या रंगासकट शाबूत होता. क्लिप उघडून खिळ्याने हलकं खरवडलं तर गंजाचा एक पापुद्रा निघाला, मग दुसरा, आणि तिसऱ्याखाली ओल. तेव्हा पाइप तपासायचा म्हणजे क्लिपा उघडायच्या. नुसती बॅटरी मारून पाहण्यात काही अर्थ नाही. एक जागा अशी निघाली तर त्याच वयाच्या बाकीच्या जागाही त्याच वाटेवर आहेत असं समजून पूर्ण लांबी बदला.

सामान आणि बाजार

सरवटे बस स्टँडजवळ छोटी ग्वालटोलीत पार्टांची दुकानं आहेत. जाताना आरसीची प्रत न्या, आणि शक्य असेल तर जुना पार्टही. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार होजची लांबी आणि शॉकरची वरची बैठक बदलते, आणि दुकानदाराच्या "भिया, येई लगेगा" वर किती विसंबायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. शॉकरबरोबर वरचं माउंटिंग, धुळीचं बूट आणि बंप स्टॉपर नवीन घ्या. जुनं माउंटिंग ठेवून नवा शॉकर बसवला की आठवड्याने खड्ड्यात "टक" असा आवाज येतो आणि पुन्हा सगळं उघडावं लागतं. पैसे वाचवून मी हे केलेलं आहे.

ब्रेक पाइप साधारण ४.७५ मिलिमीटर जाडीचा असतो. तो पोलादाचा घ्या, किंवा मिळाला तर तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा, जो गंजत नाही आणि हाताने छान वळतो. पण नुसत्या तांब्याची फ्रिजवाली नळी मुळीच नको. माझ्या गाडीत कुठल्या तरी गॅरेजने कधी तरी पुढच्या बाजूला असा तुकडा घालून ठेवला होता, वरून काळा रंग मारून. जोरात ब्रेक मारला की या पाइपात दाब १०० बारच्या घरात जाऊ शकतो. टायरमध्ये असतो दोन-सव्वादोन. शुद्ध तांबं कंपनाने हळूहळू कडक होतं आणि नेमकं नटाजवळ चिरतं.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलं असेल तेच घ्या. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये त्याची वाफ झाली की पेडल स्पंज होतं. म्हणून सीलबंद बाटली आणा. अर्धवट वापरलेली, वर्षभर माळ्यावर पडलेली बाटली नको. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. इंजिन ऑइलचा तर थेंबही नको, सगळ्या रबरी सीली फुगतात.

हत्यारांत गोटी पाना सेट (गोटी म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट), दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), चांगला जॅक, वायर ब्रश, पारदर्शक नळी आणि फ्लेअर नटचा पाना. हा शेवटचा म्हणजे रिंग पान्यालाच पाइप आत जाईल इतकी फट पाडलेली असते. ब्रेक पाइपाचा नट बहुतेक वेळा १० चा, आणि मऊ. साध्या फिक्स पान्याने तो दोनच कोपऱ्यांवर पकडला जातो आणि गंजलेला असला की गोल होतो. हा पाना आणल्याशिवाय काम सुरू करू नका.

सगळे नट तीन दिवस आधी वायर ब्रशने साफ करून गंज सोडवणारा स्प्रे मारा. रोज संध्याकाळी एकदा. मी शनिवारी रात्री मारला आणि रविवारी सकाळी पाना लावला. पहिला नट गोल झाला. उस्ताद म्हणाले, "पोहे जलेबी खा ली, अब सबर भी खा लो."

गाडी उचलणं

सपाट, पक्की जागा. आमच्या अंगणात फरशी आहे, तुमच्याकडे माती असेल तर घोडीखाली जाड फळी टाका. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जी चाकं जमिनीवर राहतील त्यांना दोन्हीकडून ओंडके लावा. जॅकने उचला, घोडीवर ठेवा, मग गाडीला खांद्याने धक्का देऊन पाहा. हलली तर पुन्हा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका, आणि विटा तर कधीच नको. वीट चेपत नाही, एकदम फुटते.

शॉकर: मागून सुरुवात

बऱ्याच छोट्या गाड्यांत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकर वेगळा असतो. नवख्याने तिथून सुरुवात करावी. गाडीचं वजन घोड्यांवर असू दे आणि अ‍ॅक्सलखाली दुसरा जॅक लावून तो जरासा वर धरा. हे का, ते समजून घ्या: अ‍ॅक्सलला खाली जाण्यापासून शॉकरच अडवत असतो. तो काढला की अ‍ॅक्सल खाली लोंबतो, होज ताणला जातो आणि स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. म्हणूनच एका वेळी एकच बाजू उघडायची.

वरचं टोक बहुतेक वेळा डिकीत, चाकाच्या कमानीवर, रबरी टोपीखाली सापडतं. नट फिरवताना आतला दांडाही फिरायला लागतो. दांड्याच्या डोक्याला चपट्या कडा किंवा खाच असते, तिथे पाना लावून तो धरायचा. नव्या शॉकरचा दांडा पक्कडीने कधी धरू नका. चकचकीत दांड्यावर एक ओरखडा पडला की त्याच्या सीलचं आयुष्य महिन्यांवर येतं.

नवा शॉकर दुकानात आडवा पडलेला असतो, आत हवा आणि तेल मिसळलेलं असतं. जसा बसणार तसा उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा. पहिल्या एक-दोन वेळा मध्येच पोकळ लागतो, मग एकसारखा जड होतो. गॅसचा असेल तर पट्टी कापल्यावर आपोआप लांब होतो. तोंड बाजूला ठेवून कापा.

खालचा बोल्ट घाला, पण पूर्ण आवळू नका. रबरी बुश असलेला बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचा. हवेत लोंबत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. गॅरेजमध्ये घाईत हमखास राहून जाणारी गोष्ट ही.

पुढचं काम वेगळं. तिथे शॉकर स्प्रिंगच्या पोटात असतो. बाहेर काढणं सोपं आहे: होजची क्लिप सोडवा, खाली नकलला (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) धरणारे दोन बोल्ट काढा, बॉनेटखाली कडेचे दोन किंवा तीन नट काढा, अख्खी जोडणी हातात येते. बोल्ट काढण्यापूर्वी त्यांची जागा खडूने किंवा टोकदार खिळ्याने आखून ठेवा. नकल बाहेर कलंडू देऊ नका, तारेने वर बांधा, नाहीतर होज आणि ड्राइव्ह शाफ्टचा सांधा दोन्ही ताणले जातात. आणि वर अगदी मधोमध जो एकटा नट दिसतो त्याला गाडीवर असताना हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग तोच धरून ठेवतो.

स्प्रिंग दाबण्याचे हुकाचे स्क्रू बाजारात मिळतात. मी ते वापरत नाही. अख्खी जोडणी रिक्षात टाकून भिंतीवर पक्कं बसवलेलं यंत्र असलेल्या वर्कशॉपमध्ये नेतो, जुना शॉकर काढून नवा घालून घेतो आणि घरी येऊन बसवतो. त्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. उस्तादांच्या उजव्या हाताची दोन बोटं का वाकत नाहीत, हे विचारल्यावर त्यांनी नुसतं स्प्रिंगकडे बोट दाखवलं होतं.

पाइप आणि होज

ब्रेक ऑइल रंग खातं. बॉनेट आणि मडगार्डवर जुनी चादर टाका, बादलीभर पाणी जवळ ठेवा, थेंब पडला की पुसत न बसता पाणी ओता. डोळ्यांना चष्मा.

नट उघडण्याआधी एक युक्ती: पेडल दोन-तीन बोटं खाली दाबून सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून ठेवा. मास्टर सिलेंडरचं (पेडल दाबलं की पाइपात ऑइल ढकलणारा सिलेंडर) टाकीकडचं भोक त्याने झाकलं जातं आणि उघड्या पाइपातून ऑइल धारेने जात नाही. ब्रेकचा दिवा लागून बॅटरी उतरू नये म्हणून बॅटरीची एक तार काढा.

पाइप बदलायचाच आहे आणि नट हलत नाही, तर पाइप नटाजवळ कापून टाका आणि सहा कोनी गोटी सरळ नटावर बसवा. फिक्स पाना जिथे हरला तिथे ती जिंकते. पण रबरी होजमध्ये जाणारा नट फिरवताना होजचं टोक दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर अख्खा होज पिळत जातो.

जुना पाइप काढलात तर तो फेकू नका, साचा म्हणून जपा. त्याच्या वळणांवरून सुतळी फिरवून लांबी मोजा, टोकं फुलवण्यासाठी थोडी जास्त धरा. पाइप कापण्याच्या छोट्या कटरनेच कापा. हॅक्सॉने तोंड वाकडं होतं आणि भुसा आत जातो. कडा कानसताना तोंड खाली धरा, मग हवेने फुंकून घ्या. वळवताना बेंडर नसेल तर जाड गोटीभोवती हळूहळू वळवा. कुठेही चपटा झाला तर तो तुकडा बाद.

आता टोक फुलवणं. बहुतेक जपानी घडणीच्या गाड्यांत दुहेरी फ्लेअर असतो, म्हणजे पाइपाची कड फुलवून परत आत दुमडलेली. काही गाड्यांत गोल बुडबुड्यासारखा असतो. दोन्हींचे नट आणि बैठका वेगळ्या असतात, अदलाबदल चालत नाही. जुन्या टोकाशी ताडून पाहा. मला पहिला बरा फ्लेअर पाचव्या तुकड्यावर जमला. आधी फुटभर वाया घालवायची तयारी ठेवा. फुलवलेल्या तोंडावर चीर किंवा तिरकेपणा दिसला तर कापून पुन्हा. ते जमत नसेल तर लांबी मोजून, जुना पाइप बरोबर नेऊन, दुकानातून फुलवून आणा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि फुलवण्याआधी नट पाइपात ओवलाय ना, ते पाहा. हसू नका. दोन्ही टोकं सुंदर फुलवून, नट हातात घेऊन बसलेला माणूस मी आहे.

बसवताना प्रत्येक नट आधी बोटांनी तीन-चार आटे आत जायलाच हवा. जात नसेल तर तिरका बसतोय, पान्याने जबरदस्ती केलीत तर मास्टर सिलेंडरचे आटे जातील. सगळा पाइप सैल जोडून, क्लिपा बसवून, मगच नट आवळायचे. लहान गाड्यांत हे नट साधारण १५-१६ न्यूटन-मीटरला आवळतात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. मनगटाच्या जोराचं काम आहे, खांद्याच्या नव्हे. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, फ्लेअर चिरडतो. क्लिपांमधली माती खरवडून, थोडं ग्रीस लावून बसवा.

होज बसवताना त्यावरची रंगीत रेघ सरळ राहतेय ना पाहा. ती दोरीसारखी गुंडाळली गेली तर होज पिळलाय. कॅलिपरकडे पोकळ बोल्ट असेल तर होजच्या कडीच्या दोन्ही बाजूंना तांब्याची नवीन वॉशर, एक वर, एक खाली. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून होज टायरला किंवा शॉकरला घासत नाही ना, ते पाहा. गाडी खाली उतरवल्यावर पुन्हा एकदा.

एअर काढणं

इथे दोन माणसं लागतात. आमच्याकडे पेडलवर आमची सौ. असते. क्रम सहसा मास्टर सिलेंडरपासून लांबच्या चाकाकडून जवळच्याकडे: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पण काही गाड्यांत सर्किट तिरपी जोडलेली असतात आणि त्यांचा क्रम वेगळा, म्हणून मॅन्युअल एकदा उघडा.

टाकी भरा. निप्पलवर (चाकाजवळचा हवा सोडायचा छोटा स्क्रू) रिंग पाना लावा, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवलेलं. मग:

"दाब."
"दाबलं."
"धरून ठेव." पाव फेरा निप्पल उघडा. बुडबुडे येतात, पेडल खाली जातं.
"अहो, खाली गेलं."
"धरूनच ठेव." निप्पल बंद. "आता सोड."

ती "सोडलं" म्हणेपर्यंत निप्पल बंद असलंच पाहिजे, उघडं राहिलं तर तीच हवा परत आत. शब्द आधी ठरवून घ्या. आमचं पहिल्या रविवारी "हं" या एका शब्दावरून भांडण झालं होतं: मी "हं" म्हणजे धर म्हणत होतो, ती सोडत होती.

दर पाच-सहा दाबांनंतर टाकी पाहा. ती एकदा रिकामी झाली की सगळं मुळापासून. आणि जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. मास्टर सिलेंडरच्या ज्या भागात पिस्टन वर्षानुवर्षं गेलेला नसतो तिथे गंज आणि किटण असतं. सील तिथे घासली की फाटते, आणि मग नवे पाइप असूनही पेडल हळूहळू बुडत जातं. जुनं ऑइल काळ्या चहासारखं दिसतं, नवं फिकट पिवळं. बुडबुडे थांबून पिवळं आलं की त्या चाकाचं झालं.

सगळं होऊनही पेडल खोल वाटलं तर मागच्या ड्रममधले शू जुळवले का ते पाहा. एअर नसूनही पेडल खोल राहण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

तपासणी

इंजिन चालू करून पेडल जोराने दाबून मिनिटभर धरा. त्या वेळी दुसऱ्याने प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावावा. बोटाला ओल कळत नाही, कागदाला कळते. पेडल बुडत गेलं तर गाडी हलवायची नाही. चाकांचे नट आडव्या जोडीने आवळा, शॉकरचे बुश बोल्ट आता, वजनावर. मग गल्लीतच, पहिल्या गिअरमध्ये, हात हँडब्रेकवर ठेवून चार-पाचदा थांबवून पाहा. मुख्य रस्त्यावर त्यानंतर. पुढचे शॉकर काढले होते तर व्हील अलाइनमेंट करून घ्या, खडूच्या खुणा कितीही नेमक्या जुळल्या तरी. पंधरा वर्षांनंतर आरसी नव्याने करून घेताना फिटनेस तपासणीत ब्रेक पाहिले जातातच, तेव्हा बिलं आणि जुन्या पाइपाचे फोटो जपून ठेवा.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, चिठ्ठी लावून गॅरेजमध्ये वेगळं द्या. आमच्या कचरा गाडीवर घरातल्या घातक कचऱ्याचा वेगळा डबा आहे, माखलेली फडकी मी त्यात देतो. जुना गॅसचा शॉकर भंगारात द्यायचा तर तसाच द्या, कापू किंवा तापवू नका, आत दाब असतो.

रात्री गाडीखाली चारही चाकांजवळ वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी सहाला पाहिलं तर तीन कागद कोरडे, चौथ्यावर, पुढच्या उजव्या चाकाखाली, बांगडीएवढा ओला गोल. निप्पलवरची रबरी टोपी काढून पाहिली तर कोरडी. पाइपाचा नट कोरडा. अर्ध्या तासाने कळलं, आईने तुळशीला पाणी घालताना तांब्या तिथे टेकवला होता. त्या रविवारी परत ओंकारेश्वरला निघालो. भेरूघाटात आई म्हणाली, "आज चहाला थांबायचं नाही का?"